सोळावा चौकोन

चौकोनरावांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच पडून होतं. बाकी सगळा ट्रॅक त्यांना चौकोनरावच म्हणायचा, कारण एकतीस वर्षं त्यांचा एकच नेम होता: सहा तासांच्या मोटार शर्यतीआधी सुरुवातीच्या रेषेमागे पांढरे चौकोन रंगवायचे. एका गाडीला एक चौकोन. गाडीने त्यात उभं राहायचं, दिवा विझला की सुटायचं. यात एवढं काय मोठं, असं कोणी विचारलं तर ते फक्त विचारणाऱ्याचे बूट ओल्या रंगावर नाहीत ना, एवढं बघून घेत.

एके काळी पन्नास चौकोन लागायचे. दोन दिवस गुडघ्यांवर काम चालायचं, आणि शेवटच्या चौकोनाशी पोचेपर्यंत पहिल्यावरून कोणीतरी हमखास सायकल नेलेली असायची. मग टायर महागले, इंधन महागलं, नोंदणीची फी वाढली, आणि गाडीत काय काय असलंच पाहिजे याचं नियमांचं पुस्तक दरवर्षी जाड होत गेलं. गॅरेजवाले, दातांचे डॉक्टर, दोघा साडूंनी मिळून एक गाडी पळवणारे, अशी सगळी हौशी मंडळी एकेक करून घरी बसली. पन्नासाचे अडतीस झाले, मग सत्तावीस. यंदा पंधरा. इथेच घोडं पेंड खात होतं, कारण सोळापेक्षा कमी गाड्या सुटल्या तर शर्यत मालिकेतून बाद व्हायची आणि पुढच्या वर्षीची तारीख दुसऱ्या ट्रॅकला जायची.

चौकोनरावांनी मग आपल्या धाकट्या बहिणीकडे मोर्चा वळवला. तिचं छोटं गॅरेज होतं आणि एक जुनी शर्यतीची गाडी होती. ती आणि तिचा नवरा आळीपाळीने ती चालवायचे. तीन वर्षांपूर्वी दोघांनी या नादाला कोपरापासून हात जोडले होते. चौकोनराव रोज संध्याकाळी गॅरेजात जाऊन स्टुलावर बसू लागले आणि कोणी न विचारता उसासे टाकू लागले.

"दादा, माझी अख्खी गाडी जेवढ्यात आली होती ना, तेवढ्यात आता टायर येतात," बहीण म्हणाली.

"एकदाच गं. यंदाचीच वेळ मारून ने."

"आणि नाही नेली तर?"

"तर मी काय रंगवू? शाळेपुढचं झेब्रा क्रॉसिंग?"

ती हसली, आणि तिथेच फसली. चार दिवसांनी तिची नोंदणी आली. चौकोनरावांची छाती दोन इंच फुगली. टायरांचं कसं जमवलं, हे विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोक्यात चौकोन होते.

ट्रॅकच्या मॅनेजर मॅडमना वेगळीच काळजी होती. सोळा गाड्या नेहमीच्या आठ-आठ पावलांवर उभ्या केल्या, तर एवढा लांब सरळ रस्ता टक्कल पडल्यासारखा दिसणार.

"काका, जरा लांब-लांब नाही का मारता येणार चौकोन? कॅमेऱ्यात भरल्यासारखं दिसलं पाहिजे."

दुसऱ्या कोणी नुसती अंतरं वाढवली असती. चौकोनरावांना एकतीस वर्षांत प्रथमच डोकं चालवायची संधी मिळाली होती, आणि त्यांनी ती सोडली नाही. पंधरा चौकोन त्यांनी सरळ रस्त्यावर ऐसपैस पसरले आणि सोळावा मारला वळणापलीकडे. म्हणजे प्रेक्षकांच्या स्टँडवरून बघणाऱ्याला वाटावं, रांग वळणाआड गेली आहे, मागे अजून किती असतील देव जाणे! मॅडमनी स्टँडवर चढून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. चौकोनराव त्या दिवशी घरी जाताना ओळख नसलेल्यांनाही नमस्कार करत गेले.

शर्यतीच्या सकाळी गाड्या चौकोनांत उभ्या राहिल्या. सोळाव्यात बहीण. चौकोनराव तिच्याजवळ रंगाचा डबा घेऊन उगाच घोटाळत होते. मनोऱ्यावर दिवे लावणारे वयस्क स्टार्टर चढले. ट्रॅकची पद्धत अशी, की स्टार्टरने वरून स्वतःच्या डोळ्यांनी गाड्या मोजायच्या, आकडा कागदावर लिहून सही करायची आणि मगच दिवा लावायचा. त्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग भोंग्यावरून सगळ्या ट्रॅकला ऐकू गेलं, "पंधरा."

मॅडम मनोऱ्याखाली धावल्या. "अहो, सोळावी आहे! वळणापलीकडे!"

"असेल," वरून उत्तर आलं. "मला दिसत नाही. जे दिसत नाही ते मी लिहीत नाही."

"मग ती पुढे घेऊ देत ना!"

"घ्या की. पण गाडी चौकोनात पाहिजे. दहा मिनिटं आहेत."

पुढे चौकोन होता कुठे? चौकोनरावांनी डबा उचलला आणि पळत सुटले. ज्या माणसाने आयुष्यात एक चौकोन अर्ध्या तासाच्या आत संपवला नव्हता, तो वळणाअलीकडे रस्त्यावर आडवा पडून दोरी न लावता, पट्टी न लावता, थेट हाताने रेघा ओढू लागला. चौकोन कसला, तो वाकडातिकडा पापड झाला. तोवर बहिणीचा नवरा आणि पंधराव्या गाडीची माणसं गाडी ढकलत आली.

"दादा, रंग ओला आहे! नवे कोरे टायर आहेत माझे!" बहीण आतून ओरडली.

"असू देत! घाल आत!"

"घसरले तर?"

"तर मला शिव्या दे! आधी घाल!"

गाडी आत गेली. वर स्टार्टरांनी चष्मा पुसला, मोजलं आणि लिहिलं. दिवा लागला, विझला. एकतीस वर्षांत चौकोनरावांनी सुरुवात कधी बघितलीच नव्हती. त्या वेळी ते मागच्या शेडमध्ये ब्रश धूत असत. आज ते हातभर अंतरावर होते. बहिणीची गाडी जागच्या जागी वळवळली, मग सुटली आणि रस्त्यावर टायरांचे पांढरे ठसे उमटवत गेली. चौकोनरावांना भरून आलं. त्यांनी डोळे पुसले आणि गालभर रंग फासून घेतला.

तिसऱ्या तासाला तिच्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. पण सुटताना सोळा होत्या आणि कागदावर सही होती. शर्यत वाचली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चौकोनरावांच्या हातात पुढच्या वर्षीचा फॉर्म ठेवला. "ताईंची सही आत्ताच घेऊन टाका काका. फी वाढायच्या आत."

चौकोनराव फॉर्म खिशात घालून शीळ वाजवत गॅरेजात गेले. बहीण दिसेना. मग एका गिऱ्हाइकाच्या गाडीखालून तिचे पाय दिसले. ती पुठ्ठा अंथरून पाठीवर झोपून नट काढत होती. शेजारी, जिथे गाड्या वर उचलायची लिफ्ट होती, तिथे फरशीत बोल्टांची आठ भोकं उरली होती.

"लिफ्ट कुठे गेली गं?"

"विकली." तिचा हात थांबला नाही. "टायर घ्यायचे होते ना."

"मला सांगितलं नाहीस ते!"

"तू विचारलंस कुठे? पाना दे तो. बारा नंबरचा."

चौकोनरावांनी पाना दिला. पुढचा दिला, त्यापुढचा दिला. तासाभराने ती कंबर धरून, कण्हत बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघून हसली. "तुझ्या कानाला अजून रंग आहे."

त्यांना हसता आलं नाही. आपण हिला किती सहज गळाला लावलं, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी फॉर्मचा विषयच काढला नाही. तसेच उठून ऑफिसात गेले आणि फॉर्म कोराच टेबलावर ठेवला.

मॅडमनी तो उलटसुलट करून बघितला. "सही नाही? काका, मग पुन्हा पंधराच होतील. शर्यत जाईल."

"जाईल."

"आणि तुमचे चौकोन?"

"ट्रॅकला सोळावी गाडी कोणाचीही चालेल, मॅडम," चौकोनराव म्हणाले. "मला बहीण एकच आहे."