जिवंत माणसाचा मृत्यू दाखला

त्या सोमवारचा तो चहाचा कप आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माढा तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी संपली आणि पस्तिशीचा एक माणूस आत आला. आधार कार्ड टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, मी मेलोय."

ठाणे अंमलदार हसला. "मग फिर्याद कुणाच्या नावानं लिहू?"

माणूस गंभीर होता. सातबाऱ्याच्या कामाला गावी गेला, तर ग्रामपंचायतीत त्याच्या मृत्यूची नोंद. दाखला बायकोनं नेलेला. त्यावर ती विधवा म्हणून सरकारी अनुदान घेत होती, मुलीला बालसंगोपनाची मदतही चालू होती.

प्रत्येक प्रकरणात आधी प्रश्न लिहायचे, मग माणसं बोलवायची, ही माझी सवय. डायरीत लिहिलं: दाखला कोणी केला? अनुदान कधीपासून? हा इतकी वर्षं कुठे होता? शेवटचा प्रश्न त्यालाच विचारला.

"उजनीकाठी. केळी हाय माझी," तो म्हणाला. "कुटं लपलो न्हाय मी."

त्याला चहा सांगितला. दुपारी महिला पोलिसानं बायकोला आणलं. पदराला धरून आठ वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात. तिला बाहेर बाकावर बसवलं.

"नवरा जिवंत आहे, हे माहीत होतं?"

"व्हय."

इतकं सरळ उत्तर चौकशीत क्वचित मिळतं.

"बघा साहेब," नवरा दुसऱ्या चहाचा कप उंचावून म्हणाला, "मेलेला माणूस चहा पितोय!"

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "पोरगी वर्साची असताना ह्यो गेला. आदी टाकलेली बाई म्हनून अर्ज केला, साहेब. पुरावा मागितला. कोर्टानं पोटगी दिली तो कागद नेला, तर म्हनले, मग पोटगीच घे की, सरकार कशाला? पोटगीचं वॉरंट तुमच्याकडं आलं. तुमी काय लिवलं, तेवढं बगा." शेवटी तालुक्याच्या गावी एका एजंटानं तिला सांगितलं होतं, विधवेला एकच कागद लागतो, तो मी करून देतो.

तिनं पिशवीतून कोर्टाच्या नकला काढल्या. तीन वॉरंट. तिन्हींवर एकच शेरा: 'शोध घेतला, मिळून आला नाही.' खाली सही माझी.

वॉरंट रजिस्टर आणि मूळ कागदांचा गठ्ठा मागवला. पहिल्या वॉरंटच्या पोचपावतीमागे तिचा अर्ज टाचणीनं लावलेला होता. त्यात नवऱ्याचं उजनीकाठचं गाव, केळीच्या बागेची खूण, मोबाईल नंबरसुद्धा.

बीट हवालदाराला विचारलं, "गेला होतास?"

तो पुटपुटला, "साहेब, पोटगीचंच होतं. बंदोबस्त चालू होता."

गठ्ठ्याच्या तळाशी चौथं वॉरंट सापडलं. मुदत अजून बाकी होती. मी उठलो, फिर्यादीच्या हातातला कप काढून घेतला आणि त्याला ताब्यात घेतलं.

"अहो, फिर्यादी मी हाय की!"

बाई तेव्हा पहिल्यांदा रडली. "जिवंत हाय म्हनून तीन वर्सं सांगत हुते, कुनी ऐकलं न्हाय. मेला म्हनलं, तर दोन म्हयन्यांत मंजूर. आता मला आत टाकलं तर पोरगी कुटं ठेवू, तेवढं सांगा."

गुन्हा नोंदवावाच लागला, कारण दाखला खोटा होता. एजंट पहिला आरोपी, ती दुसरी. तिला अटक न करता नोटीस देऊन घरी पाठवलं. ती परित्यक्ता असल्याचा अहवाल तहसील कार्यालयाला त्याच दिवशी लिहिला. तपासाच्या कागदांत ते तीन शेरे माझ्या सहीसकट जोडले. त्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

खून, दरोडा आला की आम्ही धावतो. पोटगीच्या वॉरंटमागेही एक मूल उपाशी असतं, हे मला नोकरीची पंचवीस वर्षं झाल्यावर कळलं. त्यानंतर असा शेरा समोर आला की मी आधी विचारायचो, कुणाचं दार वाजवलंस, आणि ते कुणी उघडलं?

त्या सोमवारी नवऱ्याला कोर्टात नेताना तो बाकासमोरून गेला. त्याला वाट द्यायला मुलीनं पाय आखडून घेतले. मग महिला पोलिसाला हळूच विचारलं, "ताई, ह्या काकांनी काय केलंय?"