पाच नमुन्यांचा माणूस

आमच्या साडूंइतका चोखंदळ माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि दुसरा सापडलाच तर दोघांच्या हातून मिळून एक छत्रीसुद्धा घेऊन व्हायची नाही. त्यांचं उभं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलं. गाडी आली की पाच ठिकाणी हात घालून पाच नमुने काढायचे, चिमटीत धागा ओढून बघायचा आणि मगच तोंड उघडायचं. ही सवय त्यांनी घरी आणली. चप्पल घ्यायची तर पाच जोड घालून रस्त्यावर चालून बघत. एकदा तर चालत चालत बसस्टँडपर्यंत पोचले, मागून दुकानदार. लग्नासाठी मुलीही पाच पाहिल्या होत्या. पाचव्या आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. "पहिल्या चौघींनी यायलेच नापास केलं," असं ताई हसून सांगत.

ताई पुसदला शिक्षिका, हे यवतमाळला. भेट शनिवारच्या एसटीने. मधल्या दिवसांत शाळा सुटली की ताईंचा ईमेल यायचा: भाजी संपवा, गोळी घ्या, पंखा बंद करा. साडूंनी त्यातला एकही कधी पुसला नाही. तीन वर्षांपूर्वी ताई गेल्या, आणि त्या घरातलं हसू गेलं.

गेल्या उन्हाळ्यात साडूंची फुकटातली मेलपेटी भरली. नवं काही येईना, पेन्शनचं पत्रसुद्धा. मी सहज म्हटलं, "जुनं पुसून टाका ना, दादा." ते इतके चिडले, की मला दिलेला चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला. मग वहीत रकाने आखून पैसे घेणाऱ्या पाच मेलसेवा मांडल्या. जागा किती, जाहिराती येतात का, आणि लाल शाईत, जुनी पत्रं नव्या पेटीत सगळीच्या सगळी नेतात का. "वाटेत एक जरी सांडलं तं मी काय करू, भाऊ?" एवढीच काय ती त्यांची धास्ती होती.

महिनाभरात चार सेवा नापास झाल्या. पाचवीच्या वेळी मी शेजारी बसलो.

"दादा, त्या चार काहून नापास केल्या?"

"नमुना म्हणून नव्या पेटीतून एक पत्र पाठोतो. ते वापस येते."

त्यांनी एका बोटाने टाइप केलं: पंखा बंद केला. वर पत्ता ताईंचा होता. मिनिटभरात पत्र परत आलं: असा पत्ता अस्तित्वात नाही.

वापराविना ताईंची पेटी केव्हाच बंद झाली असणार. ते सांगायला मी तोंड उघडलं. साडूंनी चष्मा काढून पुसला. "कंपन्यायची चूक नाही, हे मले समजते, भाऊ. पण पाच नमुने पाह्यल्याशिवाय मी कधी बोललो काय?"

शेवटी जुन्याच पेटीला जास्तीची जागा विकत घेतली. ताईंची पत्रं जिथल्या तिथे राहिली. साडूंनी ती वरपासून खालपर्यंत चाळली. मग म्हणाले, "जागा तं मोठी घेतली. आता पाठोणार कोन?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटायच्या वेळेला मी त्यांना एक ओळ पाठवू लागलो: गोळी घेतली का? पाच दिवस काही आलं नाही. सहाव्या दिवशी आलं, "घेतली."