थावीमावशीची चारिया

थावीमावशीने रस्त्यावरच्या एकाही पोराला कधी "चल, घरी चल" असं म्हटलं नाही. युद्ध संपल्यावर नॉम पेन्हच्या रेल्वे स्टेशनाच्या ओट्यावर ती स्वतः वाढली होती. रस्त्यावर वाढलेल्या पोराला छपराखाली जायची कशी धास्ती वाटते, ते तिला पुरतं ठाऊक. म्हणून रोज सकाळी ती नदीकाठच्या बाजारामागे पेजेचं पातेलं आणि सुकी मासळी घेऊन बसे. पेजेला आलेली पोरं हळूहळू, ती काम करत असलेल्या बेघर मुलांच्या संस्थेच्या नळावर अंघोळीला येत, मग दुपारचं लवंडायला, आणि एखाद्या मुसळधार पावसात रात्री राहून जात. कुणी रुळे, कुणी पळे. पळालेल्यासाठी मावशी पुन्हा पातेलं घेऊन बसे.

चारिया तिथेच भेटली. तेरा-चौदाची पोर, पाठीवर डबे-बाटल्यांचं पोतं, कडेवर धाकटी बहीण फल्ला. आई तापाने गेलेली, बापाने दुसरा संसार थाटलेला. चारिया आधी धाकटीला भरवायची.

"तूही खा की गं दोन घास," मावशी म्हणाली.

"माझं पोट शहाणं आहे, थांबतं. हिचं मेलं लगेच भोकाड पसरतं!"

फल्ला लवकर रुळली. चारियाचा मात्र बंद खोलीत जीव घुसमटे, आणि नशेसाठी पिशवीतला गोंद हुंगल्याशिवाय तिला राहवत नसे. चार दिवस राही, पाचव्या दिवशी अंथरूण रिकामं. मावशीने तिची चटई दाराशी टाकून पाहिली, दार सताड उघडं ठेवून पाहिलं, शेवटी तिच्याबरोबर अंगणात झोपून पाहिलं. एके दिवशी चारियाच म्हणाली, "नको मावशी जीव आटवूस. माझा भात करपलाय. हिचा अजून शिजायचाय, हिला सांभाळ."

ताकेओकडच्या एका गावात मूलबाळ नसलेलं विणकर जोडपं होतं. फल्ला त्यांच्याकडे आधी सणापुरती गेली, मग सुट्टीभर, मग कायमची. शाळेत जाऊ लागली. चारिया मावशीबरोबर भेटायला जाई, तेव्हा ती धावत येऊन गळ्यात पडे. पुढे धावणं थांबलं. नुसतंच हसू उरलं.

पितरांच्या सणाला दोघी गेल्या, तेव्हा चारियाने मावशीचा ठेवणीतला सदरा घातला होता. फल्ला आंब्याखाली मैत्रिणींबरोबर बसली होती.

"ही कोण गं?" एकीने विचारलं.

फल्लाने ताईच्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. "ती होय? डबे-बाटल्या न्यायला येते."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे सरणार, तोच चारियाने तिचं मनगट घट्ट धरलं आणि मोठ्याने विचारलं, "मग, आहेत का गं पोरींनो घरात रिकाम्या बाटल्या?"

एक पोरगी खरंच धावत जाऊन बाटल्या घेऊन आली. चारियाने त्या घेतल्या.

परतताना मावशी धुसफुसत होती. "चांगले कान उपटायला हवे होते तिचे!"

"कशाला? रस्त्याची लाज वाटायला लागली म्हणजे घरची झाली ती. हेच तर हवं होतं ना आपल्याला?" एवढं बोलून तिने भातशेतांकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मावशी दुसरीकडे बघत राहिली.

त्यानंतर चारिया पेजेला आली नाही. थायलंडच्या सीमेवर हातगाड्या ओढायला गेली, असं पोरं म्हणाली. कुणी म्हणालं, तिकडे वाटेतच तापाने गेली. मावशी सीमेवर जाऊन गाडीवाल्यांमध्ये हिंडली, दिसेल त्याला विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं.

वर्षं उलटली. शिवणकाम शिकायला शहरात आलेली फल्ला मावशीच्या दारात उभी राहिली. पाणीसुद्धा न घेता तिने विचारलं, "मावशी, ताई दिसायला कशी होती गं? आवाज आठवतो, पण चेहरा काही केल्या समोर येत नाही."

"तुझ्याहून सावळी. हसली की डावा डोळा बारीक व्हायचा. दात मात्र पांढरेशुभ्र."

"माझ्यावर रागावून गेली का ती?"

"नाही," मावशी म्हणाली. "जराही नाही."

तेच फल्लाला सोसवेना. ती उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडू लागली.  मावशी तिच्याशेजारी येऊन बसली.