भीमामामांची गाडी आणि लाल ठिपका

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन बसतात आणि वर चहा मागतात! त्यात आमच्या मालकांनी, अण्णांनी, डाळिंबाच्या थंड गाड्यांना जीपीएस आणि तापमानाचे सेन्सर बसवले. सोलापूरच्या ऑफिसात स्क्रीनपुढं मला बसवलं. तेव्हापासून तर विचारूच नका!

पहिल्याच आठवड्यात भीमामामांची, म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरची गाडी पुण्याकडं निघाली. तासभर झाला तरी आतलं तापमान उतरेना. माल नासणार म्हणून मी मामांना फोन लावला. मामांनी गाडी थांबवून बघितलं, तर डाळिंबं गारेगार. सेन्सरला मात्र मामांनीच स्वतःचा मफलर गुंडाळला होता.

"गारठत होतं की बिचारं!"

एकदा सांगोल्याच्या रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. अण्णा फोनवर ओरडले, "अलर्टवर अलर्ट यायलेत, दामटा की गाडी!"

मामा शांतपणे म्हणाले, "म्होरं दोनशे मेंढरं हायत अण्णा. त्यास्नी अलर्ट कळत न्हाय!"

सेन्सरचा उपयोग नाही असं नाही हं. कूलिंग बंद पडलं तेव्हा त्यानंच आधी ओरडून सांगितलं आणि गाडी पोचायच्या आत टेंभुर्णीत मेकॅनिक उभा होता. एक डाळिंब खराब झालं नाही. त्या दिवशी अण्णांनी स्क्रीनला हार घालायचंच काय ते बाकी ठेवलं.

पण त्याच स्क्रीननं मामांना अडचणीत आणलं. टेंभुर्णीच्या अलीकडं एका फाट्यावर त्यांची गाडी दर फेरीला वीस मिनिटं थांबायची आणि स्क्रीनवर तिचा ठिपका लाल व्हायचा. मामी तिथं भाकरीचा डबा आणून द्यायच्या. गाडी कधी येईल ते त्यांना कळायचं नाही, म्हणून मामा वाट बघत बसायचे. अण्णा भडकले. "परत तिथं लाल ठिपका दिसला, तर किल्ली ठेवून घरी जायचं!"

एवढ्या वर्षांची नोकरी! मला फार वाईट वाटलं. मी गुपचूप मामींच्या मोबाईलवर गाडी कुठं आहे ते दाखवणारी लिंक पाठवली. पुढच्या फेरीपासून मामी गाडीच्या आधी फाट्यावर हजर! थांबा एका मिनिटावर आला, ठिपका लाल व्हायला वेळच उरला नाही. आमच्या धंद्यातली सगळ्यात वेळेवरची डिलिव्हरी म्हणजे ती भाकरी.

मग मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडीवर अक्कलकोटकडचा सिद्धाप्पा गेला. आणि फाट्यावर ठिपका लाल! दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. अण्णा कडाडले, "भीमानं सगळ्यांनाच खोड लावलीय! त्याला सांग, डोळा बरा झाला तरी कामावर येऊ नको."

मी सिद्धाप्पाला फोन लावून स्पीकरवर टाकला. उचलला मामींनी.

"त्यो जेवतोय. भरीत हाय, शेंगाची चटणी हाय. आमचं मालक घरी पडल्यात म्हणून काय झालं? गाडी हितनं उपाशी जात न्हाय!"

भरिताचं नाव ऐकून अण्णांनी खुर्ची फोनजवळ ओढली. मग मला म्हणाले, "भीमाला सांग, डोळ्याला पाणी लागू देऊ नको म्हणावं. तवर गाडीवर मी जातो!"