न वापरलेले तास

सरकारचं पत्र आलं त्या दुपारी तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातच उभ्या उभ्या ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं, आणि मग भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "यांच्या डोक्यात काय भुसा भरलाय?"

बेकरीत तिला सगळे भट्टी म्हणायचे. एक तर ती पावाच्या भट्टीवर कामाला होती, आणि दुसरं म्हणजे तिच्याजवळ जाताना चार हात लांबूनच अंदाज घ्यावा लागायचा. मुकादमसुद्धा तिला काही सांगायचं असलं की आधी घसा खाकरायचा. घरात तिला हाक मारणारा एकच होता, धाकटा भाऊ. तो ताई म्हणायचा, पण 'त' त्याच्या जिभेला जमायचा नाही, त्यामुळे नव्या माणसाला ते 'आई' ऐकू यायचं. आईवडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

भाऊ छत्तीस वर्षांचा होता. जन्माच्या वेळीच मेंदूला इजा झालेली, हातपाय ताब्यात नाहीत, बोलणं फक्त बहिणीला कळायचं. डोकं मात्र लख्ख. व्हीलचेअरला जोडलेल्या पाटीवर मुळाक्षरं छापलेली होती. उजव्या मुठीनं एकेक अक्षर दाखवत तो बोलायचा. वेळ वाचावा म्हणून काना-मात्रा सरळ गाळून टाकायचा. समोरच्यानं त्या आपल्या पदरच्या घालून घ्यायच्या.

सरकारकडून त्याला मदतनिसाच्या तासांसाठी दरवर्षी अनुदान मिळायचं. ते घरी कधी येत नसे. एका संस्थेकडे जायचं, संस्था आधी आपला व्यवस्थापनाचा वाटा कापून घ्यायची आणि उरलेल्यातून माणसं पाठवायची. म्हणजे पाठवली तर पाठवायची. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसराच. भावाला भरवताना हनुवटी खाली ठेवावी लागते, नाहीतर घास श्वासनळीत जातो. हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून शिकवायचं. एकजण एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात फोन धरून भरवायचा. एक बाई "बाळा, आ कर" म्हणायची. आणि कितीतरी सकाळी ती कामाला निघायच्या वेळेपर्यंत कुणीच यायचं नाही. मग भट्टी बेकरीत फोन करायची, मुकादम खाडा मांडायचा, आणि भावाची आंघोळ, नाश्ता, औषधं सगळं ती एकटी उरकायची.

पत्रात लिहिलं होतं, "गेल्या वर्षी मंजूर तासांपैकी बरेच तास वापरण्यात आलेले नाहीत. यावरून तितक्या मदतीची आवश्यकता नसल्याचे दिसून येते. सबब, पुढील वर्षासाठी तासांत एक तृतीयांश कपात करण्यात येत आहे."

ती तशीच तडक संस्थेच्या कार्यालयात गेली. अपंगांसाठी काम करणाऱ्या त्या संस्थेच्या काचेच्या दारापुढे दोन पायऱ्या होत्या. त्या चढतानाच तिचं डोकं आणखी तापलं.

"ताई, तुम्ही आधी शांत व्हा," व्यवस्थापक म्हणाला. त्याच्या टेबलावर लिंबाच्या वासाची मेणबत्ती जळत होती.

"मला ताई म्हणू नका. मला ताई म्हणणारा घरी बसलाय, आणि तुमच्या माणसाची वाट बघतोय."

"माणसं मिळत नाहीत हो हल्ली. तुम्ही लेखी तक्रार केली असती तर..."

"दर खेपेला फोन केला की! बोटं झिजली माझी."

"फोनची नोंद राहत नाही. आणि कसं आहे, आमचा माणूस नाही आला तेव्हा तुम्ही सगळं निभावून नेलंत ना? मग सरकार काय धरतं, की गरज भागली."

म्हणजे खाडे तिचे, कंबर तिची, आणि तिनं ते केलं म्हणूनच भावाची गरज कागदावरून पुसली गेली. त्याला तिनं सोडून दिलं असतं, तो दिवसभर ओल्या कपड्यांत पडून राहिला असता, तर तास शाबूत राहिले असते! ती जे काही बोलली ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि त्यातला एक म्हातारा तर टाळी वाजवायचाच बाकी होता. उपयोग काही झाला नाही. व्यवस्थापकानं मेणबत्ती विझवली आणि जेवायची वेळ झाली म्हणाला.

कपातीवर म्हणणं मांडायला सरकारी कचेरीत आढाव्याची बैठक मिळते, हे तिला भावानं सांगितलं. त्यासाठी दोघं गेली. अधिकारीण बाई गोड बोलणारी होती. तिनं चहा मागवला, हसून भावाकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न बहिणीला विचारला.

"यांना झोप नीट लागते का?"

"लागते."

"जेवणाची कुरकुर? चिडचिड वगैरे?"

भट्टी घडाघडा सांगत सुटली. सकाळच्या तासांची किती गरज आहे, माणूस आला नाही की काय हाल होतात, सगळं तिनं मनात घोकूनच आणलं होतं. मध्येच पाटीवर धाडकन आवाज झाला. भावानं मूठ आपटली होती. शेजारचा कप कलंडला आणि चहा बाईंच्या कागदांवर पसरला. त्यानं मूठ उचलली आणि अक्षरं दाखवली: म, ल, व, च, र.

"मला विचारा," बहिणीनं वाचून दाखवलं.

"हो, हो, सांगा की!" बाई एकदम मोठ्यानं बोलल्या, जणू त्याला ऐकू येत नव्हतं.

स, ध, य, क, ळ.

"संध्याकाळ. म्हणजे तो संध्याकाळच्या मदतीचं म्हणतोय, पण खरं सांगायचं तर आम्हाला सकाळचे तास..."

मूठ पुन्हा आपटली. त, ग, प.

हे तिनं वाचून दाखवलं नाही. पण बाईंनाही अक्षरं येत होती. त्यांनी ओले कागद झटकले, घड्याळाकडे पाहिलं, आणि निर्णय पोस्टानं कळवू म्हणाल्या.

घरी पोचल्यावर तिनं दार लावलं आणि फुटली. "तुझ्यासाठी मी गावभर घसा फोडत फिरते आणि तू मला परक्या बाईसमोर गप बसवतोस?"

त्यानं पाटीवर एकच शब्द दाखवला, साडेसात.

"साडेसात काय?"

पुढचं तो सावकाश, न थांबता दाखवत गेला. संध्याकाळच्या माणसाची पाळी आठला संपते, म्हणून मला साडेसातला झोपवतात. उन्हाळ्यात खिडकीत अजून उजेड असतो. खाली पोरं खेळत असतात, ती माझ्यानंतर झोपतात. मित्र सामना बघायला जमतात, मी कधीच नसतो. सहा वर्षं झाली. तू एकदा तरी विचारलंस?

"मला पहाटे कामावर जावं लागतं! तू नऊला, दहाला झोपणार, मग तुला उचलणार कोण, मी झोपणार कधी?"

कामाची पाळी तुझी, त्यानं दाखवलं. तिच्यापायी माझी संध्याकाळ का जावी? तू पण त्यांच्यातलीच.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. पण भांडून उठून निघून जाणं त्या घरात शक्य नव्हतं. त्याला खुर्चीतून पलंगावर घ्यायची वेळ झाली होती. ती आली, त्याच्या काखेखाली हात घातले, त्यानं मान तिच्या खांद्यावर टाकली, आणि दोघांनी गळ्यात गळा घालून, दात ओठ खात ते काम पार पाडलं. तिनं घड्याळ पाहिलं. साडेसात वाजायचे होते. तिनं त्याला पुन्हा उचललं आणि खुर्चीत बसवलं.

"दाखव," ती म्हणाली. "ती स्वतः पैसे सांभाळायची भानगड कशी असते ते दाखव."

कारण हे त्यानं तिला गेल्याच वर्षी सांगितलं होतं. अनुदान संस्थेकडेच द्यायला हवं असं नाही, ज्याचं त्याला स्वतः सांभाळता येतं, हे त्यानं सरकारच्या वेबसाइटवर वाचलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "मी पाव भाजू की पावत्या चिकटवत बसू?"

आता त्यानं कपाळाच्या पट्ट्यातल्या काडीनं कॉम्प्युटरची बटणं दाबत सगळं उघडून दाखवलं. अनुदानासाठी बँकेत वेगळं खातं काढायचं. त्यातला पैसा ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामाला लावायचा, घरच्या किराण्याला एक दमडी नाही. मदतनिसाशी लेखी करार करायचा, त्याच्या रजेचीही सोय बघायची. पावत्या जपायच्या आणि तिमाही हिशेब पाठवायचा. तास उरले तर का उरले ते तिथल्या तिथे लिहून कळवायचं. हिशेब मी करणार, त्यानं दाखवलं. तू फक्त पावत्या हरवू नकोस.

बैठकीचा निर्णय पोस्टानं आला, कपात कायम होती, आणि तिच्याविरुद्धचं अपीलही त्यानंच लिहिलं. त्यातलं मधलं वाक्य वाचून तिला उठून उभं राहावं लागलं. "माणसं आली नाहीत त्या दिवशीही माझी गरज तेवढीच होती. माझ्या बहिणीने पगार बुडवून ती भागवली, आणि तिच्या फुकटच्या कामाला आपण बचत म्हणता."

संस्थेनं त्यांना सोडताना एका महिन्याची नोटीस मागितली आणि त्या महिन्याचा वाटाही कापला. त्या महिन्यात माणूस मोजून दोनदा आला. सरकारचं उत्तर आलं ते अर्धंमुर्धं होतं. पैसे स्वतः सांभाळायला परवानगी मिळाली, पण कपात अर्धीच मागे घेतली. का, याचं कारण दिलं नव्हतं.

मदतनिसाच्या कामासाठी तिघेजण भेटायला आले. प्रश्न भावानं विचारले, बहीण भिंतीला टेकून ओठ दाबून उभी राहिली. तिघांपैकी त्यानं निवडला बंद पडलेल्या थिएटरचा दारवान. थोराड अंगाचा माणूस. त्यानं आल्या आल्या विचारलं, "अक्षरं मी जुळवून मोठ्यानं म्हणू, का तुमचं पुरं होईपर्यंत थांबू?" भावानं दाखवलं, थांबा. बाकी काही विचारायची गरजच पडली नाही.

आता आठवड्यातून तीन संध्याकाळी दारवान त्याला बाहेर नेतो. सामन्याला, मित्रांच्यात, कधी नुसतंच बाजारात. तो आला की भाऊ नऊच्या पुढे घरी येतो आणि दारवानच त्याला झोपवून जातो. पण तास मोजकेच असल्यामुळे संध्याकाळी दिले ते सकाळचे गेले. सकाळी घरी राहता यावं म्हणून भट्टीनं पहाटेची पाळी सोडून दुपारची घेतली, आणि पहाटेच्या पाळीचा जादा भत्ता गेला तो गेलाच. मुकादमानं घसा खाकरून विचारलं, "जिंकलात म्हणे सरकारशी?"

"जिंकलात काय जिंकलात!" ती एवढ्यानं ओरडली की पलीकडच्या टेबलावर कणीक मळणारे हात थांबले. "त्याचंच होतं ते, त्याला अर्धं परत दिलंय. वर माझा भत्ता गेला. याला जिंकणं म्हणतात होय?"

उरलेल्या कपातीसाठी त्यांनी दुसरं अपील केलं आहे. सुनावणीची तारीख पडली आहे, समोर तीच गोड बोलणारी बाई आहे. बोलणार भाऊ. बहीण वाचून दाखवणार, जसंच्या तसं, मग त्यात तिलाच गप बसायला का सांगितलेलं असेना.