सी, लुक, वॉच आणि आमची बस

कंपनीच्या बसमध्ये किस्से कधी साठतात, कळतच नाही राव! थेरगावात डोळे मिटायचे, चाकणला उघडायचे. मधे कोण काय बोललं, त्यातलं अर्धं तर झोपेतच ऐकलेलं असतं. तरी आमच्या इंग्रजीच्या वर्गाचं सगळं मला लख्ख आठवतं.

वर्ग सुरू झाला दत्ताभाऊसाठी. भाऊ मूळचा उदगीरकडचा, राहायला काळेवाडीत, माझ्याबरोबर मेंटेनन्समध्ये. नवीन मशीन शिकायला सहा महिने जर्मनीला पाठवायचं म्हणून त्याचं नाव पुढे आलं. परत आला की लाइन लीडर! फक्त तिकडचा साहेब इंग्रजीत मुलाखत घेणार होता. भाऊची झोपच उडाली. मग ट्रेनिंगच्या जाधव मॅडमनी बसमध्येच शिकवणी काढली.

पहिल्याच आठवड्यात भाऊ कामावर उशिरा आला. बायकोला तिच्या बहिणीकडे चिखलीला सोडून आला होता. मॅनेजरला म्हणाला, "सर, आय लेफ्ट माय वाइफ."

मॅनेजरनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्धा दिवस घरी पाठवलं!

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, ड्रॉप्ड म्हणायचं!"

पुढच्या वेळी भाऊ शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "सर, आय ड्रॉप्ड माय वाइफ."

मॅनेजर दचकून उठले. "फार लागलं का हो?"

मोशीला ट्रॅफिकमध्ये बस अडकली की वर्गाला खरा रंग चढायचा. बाहेर धुकं, काचेवर ओल, निम्मी बस पेंगलेली, आणि त्या गुंगीत मॅडमचा आवाज कुठून तरी लांबून यायचा. एकदा त्यांनी विचारलं, "सी, लुक आणि वॉचमध्ये फरक काय?"

उत्तर दिलं ड्रायव्हर बाळूकाकांनी. काका चिखलीचे, तिथल्या जुन्या घरातले. "सी म्हंजे दिसतंय त्ये. लुक म्हंजे बगतोय त्ये. आन् वॉच म्हंजे आमची शेजारीण!"

"काका, तुम्ही पुढे बघा!" मॅडम ओरडल्या.

"आता ह्ये लुक धरू का वॉच?"

हिअर आणि लिसन मात्र माझ्या डोक्यात शिरेना. घरी बायकोला विचारलं. ती भाजी परतता परतता म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतं, पण तुम्ही ऐकत नाही." दुसऱ्या दिवशी मॅडमनी हेच वाक्य अख्ख्या बसला पाठ करायला लावलं!

मुलाखतीच्या दिवशी भाऊनं मशीनचं सगळं नीट सांगितलं. शेवटी साहेबानं सहज विचारलं, "विल यू मिस युअर वाइफ?"

भाऊला मिस म्हणजे चुकणं एवढंच ठाऊक, बस चुकते तसं. तो ताठ बसून म्हणाला, "नो सर! नेव्हर मिस. आय रिमेंबर. एव्हरी डे रिमेंबर!"

साहेबानं उठून हात मिळवला म्हणे. भाऊ पास! बसमध्ये त्यानं पेढे वाटले. तेव्हा मॅडमनी मिसचा दुसरा अर्थ सांगितला, एखाद्याची फार आठवण येणं. भाऊचा पेढा हातातच राहिला. कितीतरी वेळ तो खिडकीबाहेर बघत होता.

भाऊ जर्मनीला गेला त्यानंतरचा सोमवार. सवयीनं काकांनी काळेवाडीच्या स्टॉपवर बस थांबवली. बघतो तर धुक्यात भाऊची बायको उभी! काकांनी दार उघडलं. "ताई, तुमी हितं? काय झालं?"

वहिनींनी पदर सावरला. "काही नाही वो. हे सांगून गेलेत, बस चुकली तरी मिस, आन् माणसाची लई आठवण आली तरी मिसच. म्हणलं, जाऊन बघावं, मला कंचं व्हायलंय."