फवाऱ्यांचं मार्गदर्शन

तलासरीच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवते आणि घरी गप्प बसते. घरी बोलण्याचं खातं आमच्या ह्यांच्याकडे आहे. आशागडला ह्यांची चिकूची वाडी. कुणाकडे गेलो आणि मला चहा विचारला, तर "ती घेत नाही" हे उत्तर हेच देऊन टाकतात. मी घेते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात डहाणूच्या एका वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा माझी एकच इच्छा होती: तासभर मी बोलावं आणि ह्यांनी ऐकावं. विषय कळवला, 'जोडताऱ्यांतून निघणारे वायूचे फवारे'. वाचनालयाचा फळा लहान. लिहिणाऱ्याने तारे गाळले, वायू गाळला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'फवारे : मार्गदर्शन'.

आमच्याकडे फवारा म्हणजे चिकूवर मारायचा. सगळे वाडीवाले लोटले. एरवी इथल्या व्याख्यानाला वक्त्याचे नातेवाईक तेवढे येतात, त्यामुळे मी हुरळले. "दोन तारे एकमेकांभोवती फिरतात" एवढं म्हणते तोच पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले.

"बाय, ताऱ्यांचं मागून. कळी पोखरते त्या अळीला दवा कंची मारायची, ते सांग."

मी तोंड उघडायच्या आत हे मंचावर हजर. माईक माझ्या हातातून कधी गेला कळलंही नाही, इतका सरावाचा हात. मग दवा, पंप, वाऱ्याची दिशा. टाळ्याही पडल्या. मी शेजारी उभी राहून मान डोलावत होते आणि संतापाने माझे डोळे भरून आले होते.

हे पाणी प्यायला थांबले. मी माईक काढून घेतला.

"आता माझा फवारा," मी म्हणाले. "दोन तारे जोडीनं राहतात. एक चांगला फुगीर. एक लहानसा, पण ओढ जबर. तो जोडीदाराचा वायू ओढत राहतो. सगळा काही त्याला गिळवत नाही. मग उरलेला दोन्ही बाजूंनी जोरात बाहेर फेकतो. लांबून बघणारे म्हणतात, काय तेज आहे! वायू मात्र दुसरीचा."

तारा पुल्लिंगी. 'दुसरीचा' माझ्या तोंडून निसटलं. मागच्या बाकावर एक बाई खुदकन हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि मग सगळं सभागृह ह्यांच्याकडे बघायला लागलं.

हे खुर्चीत बसले होते. हळूच म्हणाले, "आणि तिचा वायू संपला की?"

उत्तर माहीत नसताना ह्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"मग फवारा बंद."

कार्यक्रम संपल्यावर ग्रंथपाल ट्रे घेऊन आले. "मॅडम, चहा?"

ह्यांनी सवयीनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"घेते," मी म्हणाले. चहा गार झाला होता. मी सगळा प्यायले.